समईचा रकाना

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली होती आणि त्यातली चार वर्षं मी पीएचडी नसल्याबद्दलचे टोमणे ऐकण्यात घालवली होती. २००३ च्या सुमारास विद्यापीठाचं एक पत्रक आलं. धर्म, आरोग्यसेवा आणि भौतिक विज्ञान या तिन्हींना जोडणाऱ्या संशोधनाला प्राधान्य मिळेल, असं त्यात लिहिलं होतं. प्राचार्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं. "तुमच्या गावात देव आहे, आजारी माणसं आहेत आणि तुम्ही फिजिक्स शिकवता. आणखी काय हवं?"

त्यांना विनोद करायचा होता. मी तो मनावर घेतला.

आमच्या गावच्या देवळात कौल लावतात. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी हात जोडून बघत राहायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्न, जमिनीची हद्द, होडी विकायची की ठेवायची, सगळं त्या दोन पाकळ्यांवर ठरतं. ऑपरेशन करायचं की नाही, हेसुद्धा. म्हणजे धर्म झाला, आरोग्य झालं. आणि ओली पाकळी दगडाला का चिकटते नि कधी सुटते, हे तर निव्वळ फिजिक्स. मला माझ्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी मी एसटीत उभी राहून घरी आले तरी पाय दुखले नाहीत.

माझे मार्गदर्शक भारी शिस्तीचे. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "निरीक्षक बोलत नाही. बोललात की निरीक्षण बिघडलं." मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि तीन महिने कौलाच्या प्रत्येक दिवशी गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर बसले. हातात घड्याळ, भिंतीला थर्मामीटर, मांडीवर वही. आत फक्त गुरव जाऊ शकत होता. थर्मामीटर बघून पहिल्याच दिवशी एका म्हातारीने विचारलं, "देवाक ताप इलो काय गो बाय?" मी उत्तर दिलं नाही. निरीक्षक बोलत नाही.

गुरवकाका म्हणजे साठीचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. त्यांनीसुद्धा सुरुवातीला दोन-तीनदा विचारलं, "काय इचारूचा आसा तर इचार." मी मान हलवून नकार दिला आणि खाली बघून लिहीत राहिले. मग त्यांनी विचारणं सोडलं. मला बसायला पाट मात्र रोज न चुकता मांडून ठेवत.

महिनाभरात मला माझा शोध लागला. गाभाऱ्यात एकच समई. ती ज्या अंगाला असेल, त्या अंगाचं पाणी तिच्या उष्णतेने आधी सुकतं आणि बहुतेक वेळा तीच पाकळी आधी पडते. मी अक्षरशः उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या. एकच कटकट होती. समई एका जागी राहत नसे. गुरवकाका ती कधी डावीकडे ठेवत, कधी उजवीकडे. मी वहीत 'इतर' या रकान्यात तिची जागा लिहून ठेवत गेले आणि कारण म्हणून लिहिलं, 'गुरवाची सोय'. स्वतःच्या अकलेचं इतकं स्वच्छ अक्षरातलं प्रमाणपत्र मी दुसरं कधी लिहिलं नाही.

याच दिवसांत बाबांचं दुखणं निघालं. बाबा हायस्कूलचे निवृत्त गणिताचे मास्तर. हर्निया होता. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, लवकर ऑपरेशन करा, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. बाबा घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "देवाक इचारतंय."

ज्यांनी अर्ध्या गावाला छड्या मारून सिद्धता शिकवल्या, ते हे म्हणत होते! मी चिडले. पण मनात म्हटलं, विचारू देत, निदान नोंद तरी होईल. इतकी मी संशोधक झाले होते.

बाबांनी विचारलं, पण काय, ते सांगितलं नाही. गुरवकाकांना म्हणाले, "मनातला काम आसा." मला वाटलं, जागा अवघड, म्हणून लाजले. चारचौघांत हर्निया म्हणणार कसं? काकांनी तसंच गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकरान जा काय मनात धरल्यान हा, तेचा उत्तर दी रे म्हाराजा," लोकांनी "होय म्हाराजा" म्हटलं आणि डावीकडची पाकळी टपकन पडली. मी वहीत लिहिलं. प्रश्न: मनातला. समई: डावी. पडली: डावी.

बाबा घरी आले ते खूश होऊन. कित्येक दिवसांनी त्यांनी सोलकढी मागून घेतली. "देवच नको म्हणता, मगे मी काय करू?" मी त्यांना पाण्याचा पातळ थर, उष्णता, बाष्पीभवन, सगळं समजावलं. ते म्हणाले, "तू माका शिकवू नको."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते न्हाणीघराच्या दारात वाकले आणि त्यांना सरळ होता येईना. तासाभराने हर्नियाची गाठ आत गेली. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "या वेळी गेली. पुढच्या वेळी जाईलच असं नाही." बाबा ऐकत होते. तरी म्हणाले, "देवान डावो दिल्यान हा." त्यांचा मला एवढा राग आला, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

त्या दुपारी मी वही घेऊन बसले. समई उजवीकडे असायला काही नियम आहे का, तो मिळाला तर त्या दिवशी बाबांना नेऊन उभं करू, एवढाच बेत. मी तारखा लावून बघितल्या, वार लावून बघितले, वारा कुठला होता तेही बघितलं. काही जमेना. शेवटी प्रश्नांप्रमाणे नोंदी वेगळ्या केल्या. हद्दीचे, लग्नाचे, होडीचे प्रश्न असतील तेव्हा समई कुठेही. दुखण्याचा प्रश्न असेल तेव्हा मात्र दर खेपेला उजवीकडे. एकदाही चूक नाही. फक्त बाबांच्या वेळी डावीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात कोणी यायच्या आधी मी जाऊन पोचले. काका समई घासत होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी तोंड उघडलं.

"काका, बाबांनी इचारलेला ता दुखण्याचा होता. हर्निया आसा. ऑपरेशन करूचा आसा."

त्यांचा हात थांबला. "मगे आधी सांगूचा नाय? मनातला म्हटल्यानी, माका वाटला जमनीचा. आणि तू थंयच बसलेलं, तुझ्या तोंडाक काय झालेला?"

मी वही उघडून उलट विचारलं, "दुखण्याचा असला की तुमी समई उजवीकडे ठेवतास."

"ठेवतंय."

"कधीपासून?"

ते पुन्हा समई घासायला लागले. "माझ्या बायलेच्या पोटात दुखा लागला तेव्हा मीच कौल लावलंय. समई डावीकडे होती. डावो पडलो. आमी वाट बघली." मग समईचं बूड घासत म्हणाले, "दुसऱ्या कोणाक वाट बघूक लावूची नाय म्हणान ठेवतंय."

मी जे बोलले ते मूर्खपणाचंच होतं. "पण ही देवाची फसवणूक नाय?"

"देव सगळा बघता. तेका नको आसता तर तेना समई इझवल्यान आसती. अजून एकदाय इझाक नाय." मग त्यांनी फडका झटकला. "जा, मास्तरांक घेवन ये. प्रश्न तोंडान सांगूक होयो म्हणान सांग."

बाबा यायला तयार होईनात, काकांनी बोलावलंय म्हटल्यावर झाले. देवासमोर उभे राहून, मान खाली घालून, त्यांनी दुखणं सांगितलं. काकांनी समई उचलली, उजवीकडे ठेवली, पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. त्या दिवशी मी घड्याळ बघितलं नाही. मी हात जोडले होते. उष्णता, बाष्पीभवन सगळं पाठ होतं, तरी उजवीकडची पाकळी पडेपर्यंत मी तिच्यावरून नजर काढली नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मार्गदर्शकांना मी कळवलं की नोंदवही वाळवीने खाल्ली. कोकणातली वाळवी काय काय खाते हे त्यांना माहीत असल्यामुळे त्यांनी विश्वास ठेवला. तो प्रबंध मी लिहिला असता तर शोध माझा झाला असता, आणि गावातलं पुढचं माणूस दुखणं घेऊन कोणाकडे गेलं असतं? पीएचडी मी पुढे किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूवर केली. वाळूला काही विचारावं लागत नाही.

दोन महिन्यांनी बाबा चालायला लागले तेव्हा मला घेऊन देवळात गेले. हातात नारळ आणि तेलाची बाटली. बाटली गुरवकाकांच्या हातात देत म्हणाले, "समयेक घाल. उजव्या अंगाच्या."

काका नुसते हसले आणि बाटली घेऊन आत गेले.

मी बाबांकडे वळले. "तुमका ठावक होता?"

"तुका तीन महिने लागले. मी ह्या देवळात लहानपणापासून येतंय."

"म्हणजे पयल्या वेळाक समई डावीकडे होती, ती तुमी बघितलेली?"

"बघितलेली. म्हणान तर मनातला म्हटलंय." ते पायरीवर बसले. ऑपरेशनच्या जागी हात ठेवून बसायची त्यांना सवय लागली होती. "माका भय वाटा होता गो. कोणीतरी नको म्हणूक होया होता."

"मगे दुसऱ्या वेळाक कशे गप रवलास? समई उचललेली तुमच्या डोळ्यांदेखत."

बाबांनी गाभाऱ्याकडे बघितलं. आत काका वाकून समईत तेल घालत होते.

"तेना समई उचलल्यान तेव्हा तेचो हात कापत होतो. आणि तू घड्याळ इसारलेलं. दोन माणसा इतकी भियाली माझ्यासाठी, मगे देव आणि वेगळा काय सांगतलो?"