पॅचखालचं नाव

ज्ञानेश्वरी वाशीत घरी बसून नेमकं काय करते, हे तिच्या सासूलाही अजून धड सांगता येत नाही. सांगायला गेलं तर कामही विचित्रच: दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या. कुणी दुरुस्तीचा तुकडा, म्हणजे पॅच, पाठवला की तो ओळ न् ओळ वाचायचा आणि पटला तर खाली ‘तपासला’ म्हणून आपलं नाव घालायचं. ते नाव मग कायमचं राहतं. पुढं काही बिघडलं तर लोक आधी तेच नाव शोधतात.

हे तिला शिकवलं उमरग्याच्या गौरीशंकर सरांनी. कॉलेजात शिकवता शिकवता या माणसानं एका फाइलसिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फाइली सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा, मोठा भाग लिहिला, तोही फुकट, आणि गावात त्याची कुणाला खबर नाही. फाइल डिस्कवर सलग एका जागी नसते. तिचे ब्लॉक, म्हणजे ठरावीक मापाचे कप्पे, जागा मिळेल तिथं पडलेले असतात आणि कुठला ब्लॉक कुठं, याचा नकाशा ठेवावा लागतो. तो नकाशा सरांचा. परदेशातल्या मशिनीही त्यावर चालतात. वर्गात मात्र ते एकच गोष्ट घोटून घ्यायचे: ‘‘नाव बघू नका, ओळ बघा. आन् खात्री असंल तरच खाली नाव घाला.’’

सर निवृत्त झाले, हात थरथरू लागले, आणि त्यांच्याकडून काही येईनासं झालं. यंदा अचानक त्यांचा पॅच आला. त्याच नकाशाचा, फाइल लिहिण्याचं काम वेगानं व्हावं म्हणून केलेला. हे काम करणाऱ्या सगळ्यांची चर्चा जिथं ई-मेलवर उघड चालते, तिथं आनंदीआनंद झाला. ‘सरांचं हे कदाचित शेवटचं काम, मानानं आत घेऊया,’ असं एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी री ओढली. मानानं म्हणे! जणू सत्काराची शालच पांघरायची होती. तपासायला पॅच आला ज्ञानेश्वरीकडं, कारण नकाशाचा भाग आता तीच बघते.

तिला फार वेळ लागला नाही. नव्या ब्लॉकमध्ये आधी मजकूर लिहायचा आणि मगच नकाशात त्याची नोंद करायची, हा क्रम सरांनीच घालून दिलेला. पॅचनं तो उलटा केला होता. नोंद आधी, मजकूर मागून. मधेच लाईट गेली तर? मशीन परत सुरू होईल, नकाशा सांगेल की हा ब्लॉक या फाइलचा, आणि आत असेल दुसऱ्याच कुणाचा तरी जुना मजकूर. खोलीवर नव्या भाडेकरूची पाटी आणि आत जुन्याचं सामान. कुणाची खासगी गोष्ट कुणाच्याही हाती पडावी, असं ते होतं.

ज्यानं हा क्रम घातला, तोच तो विसरला होता, आणि हे तिनं चारचौघांत सांगायचं होतं. गुपचूप फोन करावा असं तिला फार वाटलं. पण तपासणी उघड्यावरच करायची, हीही सरांचीच शिकवण. तिनं टाळता येईल तितकं टाळलं आणि शेवटी लिहिलं: ‘सर, या क्रमानं दुसऱ्याचा मजकूर उघडा पडतो. मी नाव घालू शकत नाही.’ मग सरांकडं स्वतः जायचं तिनं ठरवलं.

रविवारी तिनं धाराशिवला गाडी बदलून उमरगा गाठलं. दार सरांच्या बायकोनं, काकूंनी, उघडलं.

‘‘आलीस व्हय? तुजं पत्र आल्यापासनं त्या कंप्युटरपुढंच बसून हायेत. जेवायचीबी शुद्ध न्हाय.’’

सर तिच्याकडं न वळताच म्हणाले, ‘‘तुझंच खरं हाय. तू लिहिलेलं वाचलं की कळतंय, पान सरकलं की निसटतंय. आधी काय, मग काय, डोक्यात ऱ्हात न्हाय आता.’’

‘‘सर, माफ करा. सगळ्यांसमोर मी...’’

‘‘माफी कशाची? तू नाव घातलं असतंस, तर म्या तुला दारात उभं केलं नसतं.’’

ती शेजारी खुर्ची ओढून बसली. वेग राहील आणि क्रमही सुलटा होईल असं तिनं लिहून काढलं. मग म्हणाली, ‘‘सर, पॅच तुमचाच. लेखक म्हणून तुमचंच नाव ठेवते.’’

‘‘त्यात माझं काय उरलंय? तुझं घाल.’’

‘‘मग तपासणारे म्हणून तरी तुमचं घाला.’’ त्यात त्यांचं नाव कुठंतरी राहावं, एवढ्यासाठीच ती आली होती.

सर वाचू लागले. बोट पडद्यावर ओळीखाली धरून, पुन्हा पुन्हा मागं जाऊन. चहा निवून गेला. दुरुस्ती बरोबर होती. त्यांनी नुसतं नाव टाइप केलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. शेवटी त्यांनी हात मांडीवर घेतले.

‘‘बरोबर दिसतंय. पण खात्री न्हाय.’’

‘‘सर, बरोबरच आहे. मी सांगते ना.’’

‘‘तू सांगतीस म्हणून नाव घालू?’’

ज्ञानेश्वरीला रडू आवरेना. तिला वाटलं, यांनी आज एकदा तरी आपला नियम मोडायला हवा होता. तिनं डोळे पुसेपर्यंत सर थांबले.

‘‘मग आता हे तपासणार कोण?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बघेल कुणीतरी.’’

सर चिडले, वर्गात चिडायचे तसे. ‘‘कुणीतरी न्हाय! नीट वाचणारं माणूस बघ.’’

तिनं व्हय म्हटलं, लेखक म्हणून आपलं नाव घातलं आणि तपासणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवून पॅच पाठवून दिला.