भाऊजींचा पहिला नंबर

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, यांच्याइतका निर्लज्ज माणूस अख्ख्या दादरा नगर हवेलीत सापडायचा नाही. खडोलीच्या कारखान्यातून मॅनेजर म्हणून रिटायर झाले, तेव्हा आम्हाला वाटलं, आता नाशिकला जाऊन द्राक्षं खात बसतील. कसलं काय! ताई इथे एकट्या राहणाऱ्या इंजिनियर पोरांना डबे देते. मध्ये कारखान्यांमध्येच कॅन्टीनं सुरू झाली आणि तिचे डबे निम्म्यावर आले. "गणपतीपर्यंत बघते, नाहीतर बंद," असं ती भाजी चिरता चिरता म्हणाली, आणि भाऊजींनी कंबर कसली.

ताईच्या डब्यांचं इंटरनेटवर एक पान होतं, पण शोधलं की ते कुठल्या कुठे मागे. भाऊजींनी कुठेतरी वाचलं, की लोक आवडलेली पानं ज्या साइटवर सगळ्यांना दिसतील अशी जपून ठेवतात, तिथे आपलं पान पुष्कळांनी जपलं तर सर्च इंजिन त्याला वर आणतं. याला सोशल बुकमार्किंग म्हणतात. भाऊजींच्या लेखी ती गणपतीची वर्गणी. घरोघर फिरायचं आणि मागायची! ताईच्या हळदीकुंकवाला बायका वाण घेऊन निघाल्या, की हे दारात उभे. "वहिनी, फोन जरा." खातं स्वतःच उघडून देणार, पानही स्वतःच जपून देणार. कोपऱ्यावरचा गुजराती किराणावाला हात जोडून म्हणाला, "साहेब, तमे तो हद करी!" पण फोन दिला बिचाऱ्याने. अथालला एकांकडे आम्ही दुखवट्याला गेलो होतो. भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "फार वाईट झालं हो," आणि त्याच दमात, "नेट चालू आहे ना तुमचं?" मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आणि परवा दुपारी मी ताईकडे बसले होते, तर हे पेढे घेऊन हजर! "मेव्हणीबाई, पहिला नंबर!" फोन माझ्या नाकासमोर. सिल्वासा, घरगुती डबा, असं शोधलं की खरंच ताईचं पान सगळ्यात वर.

"आता तुझ्या फोनवर बघू," म्हणाले. माझ्या फोनवर तीन पानं खाली गेले तरी ताईचा पत्ता नाही. स्वतः दिवसभर तेच पान उघडत बसल्यावर त्यांचा फोन त्यांना दुसरं काय दाखवणार? मी तसं सांगितलं. पेढा हातातच राहिला त्यांच्या. चेहरा एवढासा झाला.

ताई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अहो, माझ्याही फोनवर नाही येत. कधीचं ठाऊक आहे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? नवीन पोरं डबा सांगायला येतात, त्यांना मी विचारते, कुठून कळलं? कुणी म्हणतं घरमालकिणीच्या फोनमध्ये होतं, कुणी म्हणतं किराणावाल्याने दाखवलं. त्या सर्चला घाला चुलीत. माझ्यासाठी लोकांच्या दारात उभे राहिलात ना? मी नाही बंद करत डबे."

भाऊजींनी हातातला पेढा खाली ठेवला. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि पोळ्यांना तूप लावायला लागले, तेही नको इतकं. तिने हात धरला नाही. मी हसत होते, पण खरं सांगते, मग उठून पेढ्यांचा पुडा उगाच बांधत बसले. आमच्याकडचे गृहस्थ फार सभ्य आहेत. माझ्यासाठी ते कधी कुणाच्या दारात उभे राहायचे नाहीत.