दोरीवरचं भाडं

मालकानं माझ्या फ्राकचा घेर दोन बोटांत धरला. चुरगाळून बघितला. गिऱ्हाईक दुकानात कापड बघतं तसा. अन् मी त्या फ्राकमधी उभी. भीमजयंतीची सकाळ, मी मिरवणुकीला निघालेली शाळकरी पोर. मालक माझ्याशी बोललाच न्हाई. बापाकडं बघून म्हणाला, "पोरीला असलं कापड घेतोस, अन् भाडं जुनंच काहून देऊन राहिलास?"

बाप कचेरीत शिपाई होता. तो मान खाली घालून उभा राहिला. पुढच्या महिन्यापासून भाडं वाढलं. आमच्या हातचं पाणी त्या माणसाला चालत नव्हतं. आमच्या कापडाला हात लावलेला चालला.

कळमनुरीत मालकाची जागा होती. रस्त्याकडं दुकानं, मागं आम्हा भाडेकरूंच्या खोल्या. दुकानांचं भाडं वाढवायचं असलं की तो दुकानदारांना ओसरीवर बोलवायचा. खुर्च्या मांडायचा, चहा पाजायचा. धंदा कसा काय, विचारायचा. घासाघीस व्हायची, मंडळी हसत उठायची. आमचं भाडं ठरायचं दोरीवर. मालक सकाळी मागच्या अंगणातून चक्कर मारायचा अन् वाळत घातलेले कपडे बघायचा. मायचं नवं लुगडं दिसलं की वाढ. खोलीत पंखा फिरला की वाढ. छत गळतंय म्हणलं तर म्हणायचा, जमत नसंल तर खाली करा. जाणार कुठं? आमच्या लोकांच्या वस्तीत जागा नव्हती, अन् आमची जात कळल्यावर गावात दुसरी खोली कोण देत होतं?

मग घरात एक रीतच पडून गेली. जयंतीचे नवे कपडे पिशवीत. आमी विटके कपडे घालून निघायचो, वस्तीत मावशीच्या घरी बदलायचो, मिरवणूक बघायचो अन् पुन्हा विटके घालून परत. माय नवे कपडे दोरीवर टाकायची न्हाई. खोलीतच चुलीच्या वर वाळवायची. अंगाला धुराचा वास यायचा. आमचा वर्षाचा सण, अन् आमी चोरासारखे. मला मालकाची चीड यायचीच. बापाची जास्त यायची.

पुढं मी शिवणकाम शिकले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मालकाचं कोपऱ्यातलं दुकान ओल धरायचं, कुणी घेईना, म्हणून मला दिलं. मी भिंती घासल्या, मशीन टाकली. ब्लाउजं शिवायला बाया येऊ लागल्या. मग एक दिवस मालकानं दुकानदारांना ओसरीवर बोलावलं. मला बोलावणं न्हाई. उलट तोच माझ्या दारात आला. जयंती जवळ आलेली, मी माझ्यासाठी शिवलेला ड्रेस खिळ्याला टांगला होता. त्यानं हात लांब केला. तीच दोन बोटं. म्हणाला, "धंदा झकास दिसतो. भाडं दुप्पट कर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ड्रेस त्याच्या हातातून ओढून घेतला.

"कापडाला हात लावायचा न्हाई, मालक. बाकीच्या दुकानांना जेवढी वाढ, तेवढी मला."

तो काही बोलायच्या आत मी ओसरीवर गेले. रिकामी खुर्ची ओढली, बसले. दुकानदार आपापल्या कपात बघत राहिले. त्यातल्या एकाच्या पोरीचे लग्नाचे ब्लाउज मीच शिवले होते. त्यानंही वर बघितलं न्हाई. मला चहा आला न्हाई. मालक मागून आला अन् म्हणाला, "दुकान खाली कर."

दुसऱ्या दिवशी मालकानं माझ्या दुकानाची लाइट तोडली. बाप संध्याकाळी आला. म्हातारा झालेला. "पोरी, ऐक जरा. एवढ्यानं काय बिघडतं? हात जोड, मिटवून टाक," म्हणाला. मी म्हणलं, "तुमी जोडले तेवढे बस झाले." मशीन पायानं चालती, लाइटवाचून काही अडत न्हाई.

जयंतीच्या दिवशी पहाटे उठले. दुकानाच्या दारापासून समोरच्या खांबापर्यंत दोरी बांधली, बराबर मालकाच्या ओसरीसमोर. माझा ड्रेस धुवून टाकला. मायचं लुगडं टाकलं. बापाच्या पेटीत घडी घालून ठेवलेला कोरा सदरा काढला, तोही टाकला. मालक बाहेर आला, बघत उभा राहिला.

बघू दे. भाडं वाढवायचं असंल तर मला ओसरीवर बोलवावं, खुर्ची द्यावी अन् बोलावं. तोवर भाडं जुनंच देणार. कपडे मात्र नवे घालणार, अन् याच दारातून निघणार.