‘च’ कुणाचा?

माझी मावशी बत्तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून तिने अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायचं काम घेतलं. ग्रंथालयाच्या मागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरायची. तिथे ती घाम पुसत कादंबऱ्या वाचायची. आवाज खणखणीत. नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

एक दिवस फोन आला. वेताच्या खुर्च्या विणणारे एक अंध गृहस्थ होते. म्हणाले, “बाई, तिसऱ्या प्रकरणात तुम्ही सासूला मुकं केलंत!”

मावशीचा पारा चढला. पुस्तक काखोटीला मारून ती थेट त्यांच्या दुकानात गेली. मागोमाग मी, भांडण सोडवायला.

“दाखवा चूक,” ती म्हणाली.

“दाखवणं काही जमायचं नाही, ऐकवतो,” ते हसले. “वाचा.”

मावशीने वाचलं, “सून आली. उशिराच आली. आता काय बोलायचं हिला!”

“लेखक कशाला चिडेल सुनेवर? चिडलीय सासू. तुम्ही बातम्या वाचल्यासारखं वाचलंत.”

“पण अवतरणचिन्हं कुठेयत?”

“मला कुठे दिसतात ती! तो ‘च’ ऐका. ‘उशिरा आली’ हे लेखकही सांगेल. ‘उशिराच’ म्हणायला दाराकडे डोळे लावून बसावं लागतं.”

मावशीने पुस्तक मिटलं. परतताना मला म्हणाली, “नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायचे मी. कागद हातात आला नि बहिरी झाले बघ.”

तिने अख्खं पुस्तक पुन्हा वाचलं. रेकॉर्डिंगवाला कुरकुरला, “कुणाला कळणारे, मावशी?”

“एकाला कळलंय. तेवढं पुरे.”

त्यानंतर ती पेन्सिली घेऊन बसू लागली. लेखकाची वाक्यं निळी, पात्रांच्या मनातली लाल. ‘म्हणे’, ‘बाई’, ‘कसली’ असे शब्द दिसले की गोल. दर बुधवारी खुर्चीवाले यायचे, स्टुलावर बसून ऐकायचे, आणि दोघं कडाकडा भांडायचे. कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेने ती पुस्तकं पाहिली आणि विचारलं, “कुठे शिकलात हे?” मावशी म्हणाली, “खुर्च्यांच्या दुकानात.”

मागच्या वर्षी एका वाक्यावर गाडी अडली. नवरा वारलेल्या बाईचं प्रकरण होतं, आणि मध्येच वाक्य, “गेला बिचारा.”

“हे गल्लीतल्या लोकांचं,” खुर्चीवाले म्हणाले. “बायको नवऱ्याला बिचारा म्हणेल होय?”

“म्हणेल.”

“कशावरून?”

मावशीने चष्मा काढून पदराने पुसला. “आमचे हे गेले तेव्हा मी म्हटलं होतं. मनातल्या मनात.”

खुर्चीवाल्यांनी स्टूल जरा पुढे ओढलं. म्हणाले, “वाचा, बाई. तुमच्या पद्धतीनं वाचा.”