आधी सरळ उभा राहा

तिच्या खोलीत येणारं प्रत्येक माणूस आधी पलंगाकडे बघायचं. उंच, स्वच्छ चादर अंथरलेला, तोंड ठेवायला उशाशी गोल भोक असलेला पलंग. दिवसभर अवघडलेल्या माणसाला तो दिसला, की बूट काढायच्या आधीच ते मनानं त्यावर आडवं झालेलं असे. आणि ती म्हणायची, “आधी सरळ उभे राहा.”

मग कुरकुर सुरू. ती माणसाला पाठमोरं उभं करून लांबूनच बघे. कुठला खांदा वर आहे, भार कुठल्या पायावर आहे. मग खाली वाकायला लावी, मान फिरवायला लावी, दारापर्यंत चवड्यांवर जा आणि टाचांवर परत या म्हणे. कुठं दुखतं, कधीपासून, काय केलं की वाढतं, झोपेतून जाग येते का. कोपऱ्यावरचा शिंपी एकदा म्हणाला होता, “ताई, मी मालिशला आलोय. सैन्यात भरती व्हायला नाही.”

ती हसली होती. हा विनोद वेगवेगळ्या तोंडांतून तिनं इतक्यांदा ऐकला होता, की हसूसुद्धा आता आपलं आपण यायचं. पण बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलं होतं. दुखतं एकीकडे आणि त्याचं मूळ भलतीकडेच असतं. काही दुखणी तर अशी, की तिथं हात न लावता डॉक्टरकडे पाठवणं हाच उपचार.

औषधांच्या दुकानावरच्या त्या खोलीत तिची निम्मी हयात गेली होती. लोकांचे सांधे मोकळे करता करता तिचे स्वतःचे आखडले होते. अंगठ्यांच्या मुळाशी सूज असे, बरणीचं झाकण उघडायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येई. आताशा ती अंगठ्याऐवजी कोपरानं दाबायची. नवरा गेल्यापासून घरी एकटीच. संध्याकाळी पोचली, की खुर्चीत अंग टाकायची आणि दिवा लावायलाही उठायची नाही.

त्या दिवशी शेवटच्या बाईंचा निरोप आला, की येत नाही. तिला इतकं बरं वाटलं, की स्वतःचीच लाज वाटली. कोमट पाण्यात हात बुडवून ती बसली, तोच दार वाजलं.

दारात दादा उभा होता. तिचा थोरला भाऊ. दोन रस्ते पलीकडे त्याचं काचेचं दुकान. खिडक्यांची तावदानं कापायची आणि बसवून द्यायची. इतक्या वर्षांत तो कधी या खोलीचा जिना चढला नव्हता.

“काय रे? अण्णा बरे आहेत ना?” तिनं घाबरून विचारलं.

“बरे आहेत. शिव्या घालतायत, म्हणजे बरेच आहेत.” दादा कठड्याला धरून धापा टाकत होता. “कंबर धरलीय जरा. चोळून दे, बारके.”

पन्नाशी उलटली, अंगानं चांगली भरली, तरी घरात ती अजून बारकीच होती. दादा पलंगाकडे निघाला.

“आधी सरळ उभा राहा.”

“माझ्यापुढे नाटकं नकोत हं.”

“उभा राहा म्हणते ना.”

तो उभा राहिला. तिनं मागून बघितलं. दादा एका बाजूला झुकला होता, भिंतीवरची तसबीर कलावी तसा. पाठीच्या एका अंगाचे स्नायू दोरखंडासारखे तटतटले होते. वाक म्हटल्यावर त्याचे हात गुडघ्यांशीच थांबले. चवड्यांवर तो चालला. टाचांवर चाल म्हटलं, तेव्हा उजवं पाऊल वर उचलेचना. फटकन जमिनीवर आपटलं.

“पुन्हा चाल.”

“चप्पल गुळगुळीत झालीय.”

“चप्पल तू दाराशी काढलीयस, दादा.”

तिनं त्याच्या पावलावरून बोट फिरवलं. अंगठ्याकडच्या बाजूला त्याला काही कळत नव्हतं. कधीपासून, विचारलं, तर म्हणाला, झाले काही आठवडे. मग ती जे कुणालाही सहज विचारायची, ते विचारताना भावापुढे तिची जीभ अडखळली. “लघवीला जायला काही त्रास? कळतं ना नीट?”

“अगं ए! बहीण आहेस की कोण?”

“सांग मुकाट्यानं.”

“कळतं, कळतं. सगळं ठीक आहे.” दादाचे कान लाल झाले होते.

“आणि हे कशानं झालं?”

“काचा उचलून. आणखी कशानं?”

काचा तो दोन्ही हातांनी, अंगालगत धरून नेतो, हे तिला ठाऊक होतं. लहानपणी बापाच्या, अण्णांच्याच, हाताखाली दोघं तेच शिकली होती. हे वाकून, एकीकडे वळून उचलण्याचं दुखणं होतं. भिंतीला लागून असलेली अण्णांची खाट तिच्या डोळ्यांपुढे आली.

“अण्णांना कोण उचलतं?” तिनं विचारलं.

अण्णांचं उजवं अंग लुळं पडून बराच काळ झाला होता. त्यांना उठवायला, बसवायला एक माणूस सकाळ-संध्याकाळ येतो, असं दादानं तिला सांगितलं होतं. ती आठवड्यातून एकदा जाई, खाटेशेजारी खुर्चीवर बसे आणि परत येई. उचलायला लागली, की वहिनी म्हणे, “राहू द्या वन्सं, तुमचे हात दुखतात.” आणि ती राहू देई.

“तो माणूस कधीच गेला,” दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला. “त्याच्या आधीचाही गेला. अण्णा हात लावू देत नाहीत गं कुणाला. चावले एकाला. दुसऱ्याच्या अंगावर पेला भिरकावला. म्हणून मग मीच.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुझा चेहरा बघितलायस का आरशात? तुला काय सांगू?”

रागावण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

“चोळतेस का आता?”

“नाही. नस दाबली गेलीय. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं, मी येते बरोबर. आणि पावलाचा जोर आणखी गेला, नाहीतर लघवीचं काही बिनसलं, तर उद्याची वाट बघायची नाही. तसंच निघायचं. कंबरेला मी हात लावणार नाही.”

“वा! परक्यांना चोळतेस आणि सख्ख्या भावाला नाही?”

त्याचा आवाज चिरकला. चेष्टा करायला गेला होता, पण ती जमली नाही. तिनं त्याला पलंगावर कुशीवर निजवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली, पाय पोटाशी घ्यायला लावले आणि फक्त मानेवर, खांद्यांवर हलका हात फिरवला. “उद्या दुकान...” एवढं बोलून दादा झोपला. एवढ्यात त्याला पाठ टेकायला मिळाली नसणार, हे त्याच्या घोरण्यावरूनच कळत होतं. ती शेजारच्या स्टुलावर बसून राहिली. त्याच्या केसांत बराच चुना मिसळावा तशी सफेदी आली होती. ती कधी आली, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याला जाग आल्यावर दोघं हळूहळू चालत घरी गेली. वहिनीनं दार उघडलं. नवऱ्याकडे बघून नणंदेकडे बघितलं आणि म्हणाली, “कळलं ना शेवटी? मी किती दिवस म्हणतेय, वन्संना सांगा. पण या घरात माझं ऐकतो कोण!”

आतून अण्णांचा आवाज आला, “गाढव! निघ!”

आजारपणानंतर अण्णांकडे एवढेच शब्द राहिले होते. तहान लागली तरी गाढव, उन्हाची तिरीप आली तरी निघ. शब्द आजारानं नेले, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण उरलेले हेच कसे, याचं घरात कुणाला नवल वाटलं नव्हतं. काचेला ओरखडा पडला तर हातातली पट्टी फेकून मारणारा माणूस. स्वभावच तो, असं सगळ्यांनी धरलं होतं. तिनंसुद्धा.

दादा सवयीनं खाटेकडे वळला. “तू बस,” ती म्हणाली. “वहिनी, आपण दोघी उठवू. तुम्ही रोज कसं उठवता ते दाखवा.”

वहिनीनं अण्णांच्या दोन्ही काखांत हात घातले. अण्णांचा चेहरा पिळवटला, डावा हात वर उठला, “गाढव! गाढव!”

“थांबा,” ती म्हणाली.

काय दिसलं, हे तिला लगेच सांगता आलं नसतं. पण बाप म्हणून नव्हे, तर खोलीत आलेल्या कुणाही माणसासारखं तिनं त्यांच्याकडे पहिल्यांदा बघितलं. वहिनीला बाजूला करून ती खाटेच्या कडेवर बसली. “अण्णा, मी विचारते. शब्द नकोत. दुखलं तर डाव्या हातानं माझा हात दाबा.”

अण्णा तिच्याकडे टक लावून बघत होते.

पाय हलवला. काही नाही. मान वळवली. काही नाही. मग सदऱ्याची बटणं काढून तिनं उजव्या खांद्यावर हात ठेवला. वरच्या हाडाखाली तिचं बोट सहज आत गेलं. दंड खोबणीतून खाली ओघळला होता. नुसताच कातडीला आणि शिरांना लोंबकळत होता. तिनं तो अगदी थोडा वर पेलला, तशी अण्णांची डाव्या हाताची पकड आवळली आणि मग हळूहळू सैल झाली. त्यांनी लांब श्वास सोडला.

“इथं दुखतं?”

“निघ,” अण्णा म्हणाले. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काखेत हात घालून उचललं, की दर वेळी तो खांदा ओढला जात होता. सकाळी, संध्याकाळी, इतके महिने. मायेनं उचललं तरीही.

“मी चुकीचं उचलत होतो?” दादानं दारातून विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“तुला कुणी दाखवलं होतं? दाखवणारी दर आठवड्याला या खुर्चीवर बसून जात होती.”

वहिनीनं चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दादाला तपासलं. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. शस्त्रक्रियेची पाळी आली नाही, पण बरेच आठवडे सक्तीची विश्रांती आणि मग व्यायाम. अण्णांच्या हाताला झोळी आणि खाली आधाराला उशी सांगितली. तिनं वहिनीला अंगाखाली दुहेरी चादर सरकवून दोघींनी ओढायचं कसं, ते शिकवलं. काखेला हात लावायचा नाही. सकाळी खोलीवर जायच्या आधी अण्णांना उठवायला ती स्वतः जाऊ लागली. त्यासाठी खोलीवरचे सकाळचे लोक तिनं सोडले. शिंपी रुसला.

अण्णा काही देवमाणूस झाले नाहीत. पाणी गार असलं की गाढव होतंच. पण चावणं थांबलं, आणि पुढे एक नवा माणूस कामाला आला, तो टिकला. सुरुवातीला तो बिचारा प्रत्येक शिवीला “हो साहेब” म्हणायचा. दादा परत दुकानात बसू लागला. काच कापतो, उचलायला दुसरा कुणी असतो. पावलात थोडी कसर राहिलीच. जिना उतरताना त्याचा एक पाय फटकन वाजतो.

तिचे अंगठे काही सुधारले नाहीत. आता तर दिवसाची सुरुवातच वजन ओढण्यानं होते, आणि खोलीवर पोचेपर्यंत ती अर्धी संपलेली असते. एका सकाळी अण्णांना पुसून, झोळी नीट करून ती निघाली होती. वहिनीनं तिला बाहेरच्या खोलीत धरून बसवलं. समोर गरम पाण्याचं भांडं ठेवलं, तिचे दोन्ही हात त्यात घातले आणि काही न बोलता एकेक अंगठा चोळू लागली. पद्धत साफ चुकीची होती. दुखतही होतं.

“इथं का, वन्सं?”

“हो,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून बसून राहिली.