मंदूबकडे असेल

मुलीने तिचं इथलं ओळखपत्र मागितलं तेव्हा मी ते मंदूबकडे आहे असं सांगितलं. माझ्या चुका बऱ्याच आहेत, पण मला लिहायचं आहे ते या एका वाक्याबद्दल. मंदूब म्हणजे कंपनीचा माणूस, जो आपली कागदपत्रं घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरतो. कतारमधल्या कुठल्याही घरात हे वाक्य खपतं. पासपोर्ट मंदूबकडे, हेल्थ कार्ड मंदूबकडे. पुढे कुणी काही विचारत नाही. पण माझ्याकडे कुणी मंदूब नव्हताच. कार्ड माझ्या पाकिटात होतं आणि त्याची मुदत संपलेली होती.

मी एसीचं काम करतो. माणदेशातून आयटीआय करून इथे आलो, एका मेंटेनन्स कंपनीत लागलो, लग्नानंतर बायकोला आणलं, मुलगी इथेच जन्मली. त्या कंपनीत खरा मंदूब होता. जाडजूड सुदानी गृहस्थ. मुलगी लहान असताना तिच्या हातात खजूर ठेवायचा. त्याच्या जिवावर आमचे रेसिडेन्स परमिट वर्षानुवर्षं आपोआप रिन्यू होत गेले. ते कसे होतात हे शिकण्याची मला कधी गरजच पडली नाही.

मुलगी दहावीत गेली तशी मला कॉलेजची धास्ती बसली. तिला इंजिनिअरिंग करायचं होतं. इथल्या कॉलेजांची फी ऐकली की माझा पगार मला पोरासोरांच्या खाऊच्या पैशांसारखा वाटायचा. त्या सुमारास आमच्या तालुक्यातला एकजण भेटला, इथे एका घरी ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "भाऊ, किती दिवस दुसऱ्याच्या एसीत गॅस भरणार? फ्री व्हिसा घे. कागदावर माज्या मालकाच्या कंपनीत, काम मात्र सोताचं. पोरगीला हित्तंच शिकीव, रुबाबात." फ्री व्हिसा हा शब्द इथल्या कुठल्याच कायद्यात नाही, पण कामगारांच्या एशियन टाउनमधल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर आहे. मी न पाहिलेल्या त्या मालकाच्या कंपनीवर माझं नाव लागलं, आणि बायको-मुलीचा परमिट माझ्या नावाला टांगलेला तसाच राहिला.

कामं मिळाली, खोटं कशाला बोलू? मुऐदर भागातल्या व्हिलांच्या एसींची कामं मी एकट्याने धरली. पैसे साठू लागले. मग परमिट रिन्यू करायची वेळ आली, तर मोबाइलवर अर्जच पुढे सरकेना. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या कंपनीची नोंदणीच सरकारने ब्लॉक केली होती. मालक परदेशात. आमचा तालुकावाला म्हणाला, "आरं, होतंय. इन्शाल्ला पुढच्या म्हयन्यात." मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण न ठेवणं परवडणारं नव्हतं. महिन्याचे महिने झाले. माझ्या कार्डाची, म्हणजे परमिटचीच, मुदत संपली, पाठोपाठ बायकोच्या आणि मुलीच्या. बँकेने खातं गोठवलं, तेव्हापासून मी पैसे घरात, पिठाच्या डब्यामागे ठेवू लागलो.

मुलगी तेव्हा अकरावीत होती. मी घरी सांगितलं नाही. वाटलं, तिचा अभ्यास बिघडेल. हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. आपण चांगली नोकरी सोडून काय करून बसलो, हे बायकोच्या तोंडून ऐकायची मला भीती वाटत होती.

शाळेत दरवर्षी पालकांच्या आणि मुलांच्या कार्डांची प्रत द्यावी लागे. मी "रिन्यूअल चालू आहे" म्हणायचो. फी वेळेवर आणि रोख येत असल्यामुळे तिथल्या क्लार्कने कधी ताणलं नाही.

ताणलं ते मुलीने, बारावीत असताना. तिच्या मैत्रिणीने ड्रायव्हिंग शिकायला नाव घातलं, म्हणून तिलाही घालायचं होतं. तिने कार्ड मागितलं आणि मी ते वाक्य बोललो. आठवड्याने तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. ती हसून म्हणाली, "बाबा, युवर मंदूब इज सो बिझी!"

मग त्याची घरात चेष्टाच सुरू झाली. टीव्हीचा रिमोट सापडेना, तर मुलगी ओरडायची, "आई, मंदूबकडे असेल!" एकदा बायकोने केलेले लाडू डब्यातून निम्मे गायब झाले. बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "मंदूबाला गोड चालतं वाटतं." मी पण हसलो. मी त्या हसण्याचा आता विचार करतो तेव्हा मला जेवण जात नाही.

मुलगी बारावीला उत्तम गुणांनी पास झाली. इथल्या एका कॉलेजात तिचं नाव यादीत लागलं आणि गुणांमुळे निम्मी फी माफ झाली. उरलेली निम्मी माझ्याकडे होती. ज्या पैशांसाठी मी सगळं पणाला लावलं होतं, ते खरोखरच जमले होते! मी जाड पाकिटात रोकड घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही दोघं कॉलेजला गेलो. मला माहीत होतं. तरीही गेलो. शाळेत चाललं तसं इथेही चालेल, रोख बघून कुणी ताणणार नाही, अशी एक वेडी आशा होती.

काउंटरवर केरळची एक बाई होती. तिने मुलीकडून कार्डाचा नंबर घेऊन कॉम्प्युटरवर घातला. थांबली. पुन्हा घातला.

"सर, ये तो एक्स्पायर्ड दिखा रहा है. बहुत पहले से."

"रिन्यूअल चल रहा है, मॅडम. आप फीस ले लो. पूरा कॅश है." मी पाकीट पुढे सरकवलं.

तिने पाकिटाला हात लावला नाही. "सर, पैसा किसके नाम पे लूँ? सिस्टम में बच्ची है ही नहीं."

तिचा आवाज वाईट नव्हता. तिने शेवटची तारीख सांगितली, तोवर नंबर चालू झाला तर जागा ठेवते म्हणाली, आणि मुलीला पाण्याची बाटली दिली.

बाहेर सावलीत उभं राहून मुलीने विचारलं, "बाबा, डिड यू नो?"

खरं सांगायची ती वेळ होती. तिने ती माझ्यासमोर अगदी ताटात वाढून ठेवली होती. मी म्हणालो, "त्या मंदूबने घोळ घातला. मी त्याला किती वेळा सांगितलं होतं."

ती माझ्या दंडाला धरून म्हणाली, "इट्स ओके. नॉट युवर फॉल्ट."

घरी बायकोला सांगावंच लागलं. आमची एक खोली आणि मोरी एवढा पार्टिशनचा संसार, तिथे कुजबुजसुद्धा पलीकडे ऐकू जाते. म्हणून ती भांडली नाही, हळू आवाजात बोलली. "लोकांच्या एसीतला गॅस संपला की त्यांना तुम्ही लगेच सांगता. आपलं काय संपलंय ते सांगायला तुम्हाला कॉलेज उजाडावं लागलं?"

मुलगी मधे पडली. "आई, स्टॉप. बाबांनी काय केलं? त्या मंदूबला विचार ना."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला जुन्या कंपनीचा मंदूब माहीत होता, आणि नव्या कंपनीत मालकसुद्धा दिसत नाही हेही तिला माहीत होतं. तिला त्या क्षणी कळलं. ती कणीक मळायला लागली.

पुढचे दिवस मी नुसता फिरत होतो. कामं सोडून एशियन टाउनला तालुकावाल्याची वाट बघत बसलो. तो आला एकदा, चहा प्यायला, त्याचा मालक फोन उचलत नाही म्हणाला आणि बिलाचे पैसे माझ्या आधी देऊन निघून गेला. त्याच्यावर राग काढावा एवढीही जागा त्याने ठेवली नाही. सरकारी कचेरीत एका तरुण अधिकाऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं. त्याने दोनच वाटा सांगितल्या. नवा मालक शोधा, जो तुमची जबाबदारी घेईल. नाहीतर दंड भरा आणि कुटुंबासकट देश सोडा. दंड रोज चढत होता. पहिल्या वाटेला महिने लागणार होते. दुसरी वाट धरून मुलीला गावी न्यावं, तर तिकडची सीईटी तिने दिलेलीच नव्हती. दिली नाही, कारण मीच म्हणालो होतो, "कशाला? आपण इथेच शिकवणार तुला."

मी तीन कंपन्यांच्या दारात जाऊन आलो. ज्यांच्या घरचे एसी मी वर्षानुवर्षं साफ केले, अशा एकांना विचारलं. त्यांनी चहा दिला, होकार नाही. शुक्रन, म्हणजे आभार, म्हणून निघालो.

या सगळ्या दिवसांत मी कितीजणांना सॉरी म्हणालो! काउंटरवरच्या बाईला फोनवर, अधिकाऱ्याला, शेजाऱ्याला, बायकोला तर रोज. मुलीला एकदाही नाही. तिला मी रोज नवी माहिती द्यायचो. आज अमक्याशी बोललो, उद्या तमक्याकडे जातोय. ती ऐकून मान हलवायची.

शेवटची तारीख गेली. संध्याकाळी कॉलेजचा मेल आला, जागा पुढच्या विद्यार्थ्याला दिल्याचा. मुलीने तो वाचला आणि फोन उशीखाली ठेवला. तिच्या मैत्रिणींचे हॉस्टेलचे, आयडीचे फोटो येत होते, ते तिने बघणं बंद केलं.

दोन-तीन दिवसांनी आमच्याच खोलीचा एसी गळायला लागला. शुक्रवार, इथला सुट्टीचा दिवस होता. मी शिडी लावली, मुलीने ती धरली. लहानपणापासून घरच्या कामाला शिडी तीच धरायची. मी वर चढून पाण्याची नळी उघडली. खालून ती बोलायला लागली, इंग्रजीत, भरभर. तिने एक तक्रार लिहिली होती. मंदूबविरुद्ध. त्याने एका मुलीचं वर्ष कसं बुडवलं, तिच्या वडिलांना कसं फसवलं. ती म्हणाली, रविवारी आपण दोघं त्या अधिकाऱ्याकडे जाऊ, बोलायचं मी बोलेन, तुम्ही फक्त उभे राहा. "बाबा, जस्ट गिव्ह मी हिज नेम."

नळीत काळा गाळ होता. मी तो बोटाने काढत राहिलो.

"बाबा, नाव."

"आठवत नाही."

"हाऊ कॅन यू नॉट रिमेंबर? सो मेनी मन्थ्स तुम्ही त्याच्याशी बोलताय!"

पाठीमागून बायको म्हणाली, "सांगा तिला." एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचाच मला जास्त धाक वाटला.

माझं तोंड भिंतीकडे होतं. तसंच राहून बोललो असतो तर सोपं गेलं असतं, तिचा चेहरा दिसला नसता. पहिले दोन शब्द मी तसे बोललोही, "अगं, बाळा." पुढचे आले नाहीत. मी खाली उतरलो. तिने शिडी सोडली नव्हती. मी हात पुसले, पाकीट काढलं आणि तिचं कार्ड तिच्या हातात दिलं. त्यावरचा तिचा फोटो नववीतला होता, दोन वेण्यांचा.

ती कार्डाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"मंदूब नव्हता," मी म्हणालो. "कुणीच नव्हतं. कार्ड पहिल्यापासून माझ्याकडे होतं, आणि ते बाद झालंय हे मला माहीत होतं. कॉलेजच्या काउंटरवरही माहीत होतं. मी घाबरलो होतो. तुला आधी सांगितलं असतं तर तू गावाकडची परीक्षा तरी दिली असतीस. तुझं वर्ष मी घालवलं. मला माफ कर."