ती रायफल आमची नव्हती

नेमसिंग राठोड फौजेतून परत आला आणि गोरेगावाजवळच्या बंजारा तांड्यावर आपली कोरडवाहू जमीन करू लागला. पलटणीतल्या गोष्टी सांगायचा त्याला नाद नव्हता. एकाहत्तरच्या लढाईत तो पंजाबच्या सरहद्दीवर होता, एवढंच लोकांना माहीत होतं. पण कारगिलनंतर टीव्हीवर जुन्या लढायांचे कार्यक्रम लागायला लागले, तसा तो संध्याकाळची कामं टाकून समोर बसू लागला.

बसायचा, आणि चुका काढायचा. एकाहत्तर साली सैन्यात आलेलाच नव्हता असा रणगाडा एकाहत्तरच्या लढाईत धूळ उडवत यायचा. सांगणारा रात्रीचा हल्ला सांगायचा आणि चित्रात लख्ख ऊन. लांबवर तोफेचा जाळ दिसला की त्याच क्षणी आवाज. "आवाज मागून येतो रे बाबा," तो टीव्हीलाच म्हणायचा. आणखी एकदोन चुका झाल्या की "खोटं हाये" म्हणून उठायचा. घरच्यांना याची सवय झाली होती.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात जिवनबाई त्याच्याकडे आली. ती शेजारच्या तांड्यावरची, त्याचा मित्र हिरासिंग याची बायको. हिरासिंग आणि नेमसिंग एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत गेले. हिरासिंग लढाईतून परत आला नाही. त्याचं शरीरही आलं नाही, तिकडंच अग्नी दिला. आली ती एक पत्र्याची पेटी. तेव्हा जिवनबाई पोटुशी होती. पुढं तिला मुलगी झाली, शिला. नेमसिंग सुट्टीवर आला तेव्हा त्यानं जिवनबाईला एवढंच सांगितलं होतं, "लढता लढता गेला. तकलीफ झाली न्हाई." तिनं पुढं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्यावरच तिनं दुसरं घर न करता लेक वाढवली, दुसऱ्याच्या रानात राबून तिचं लग्न लावलं.

आता ती दारात उभी होती. बसली नाही.

"भाऊ, गोरेगावला चला. शिलाचा बाप टीव्हीत दिसून राहिला."

नेमसिंगनं तिच्याकडं बघितलं. बाई भ्रमिष्ट झाल्यासारखी दिसत नव्हती. आवाज बाजारातला भाव सांगावा तसा होता.

शिला गोरेगावात राहायची. नवऱ्याचं किराणा दुकान पुढं आणि मागं दोन खोल्या. लढाईचा तो कार्यक्रम दुपारी पुन्हा लागणार होता. जीपमधून उतरून दोघं गेली तेव्हा शिला टीव्हीसमोर आधीच बसलेली होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, पण नजर हलवली नाही.

कार्यक्रम सुरू झाला. हिंदीत सांगणाऱ्याचा आवाज जड होता. त्यानं नाव घेतलं तो कालवा नेमसिंगची पलटण लढली तोच होता. नेमसिंग सरसावून बसला. मग धुकं दिसलं, उंच गवत दिसलं आणि गवताच्या कडेनं एकामागं एक चालणारे जवान.

"आता," जिवनबाई म्हणाली.

रांगेतला शेवटून दुसरा जवान चालता चालता मागं वळला. नुसती मान नाही वळवली. खांद्यासकट अख्खा वळला, बघितलं, आणि पुन्हा चालू लागला. लगेच दुसरं चित्र आलं.

हिरासिंग असाच वळायचा. लहानपणी बैलावरून पडल्यापासून त्याची सवयच तशी झाली होती. पलटणीत त्यावरून सगळे त्याला चिडवायचे.

"व्हय का न्हाई?" जिवनबाईनं विचारलं.

शिला हळूच म्हणाली, "काका, मी बापाला पहिल्यांदा बघितलं. माझ्यापेक्षा लहान हाये त्यो."

नेमसिंगनं जे पाहिलं ते पाहिलं होतं. पण त्यानं दुसरंही पाहिलं होतं. त्या पोराच्या हातातली रायफल काळी होती, आखूड, वाकड्या मॅगझिनची. ती त्यानं कारगिलच्या वेळी बातम्यांमध्ये पाहिली होती. एकाहत्तर साली त्यांच्या खांद्यावर होती ती लांब, लाकडी दस्त्याची, वजनाला जड.

"वहिनी," तो म्हणाला, "ती रायफल आमची न्हाई. ती आमच्या वेळेला निघालीच नव्हती. हे चित्र लई अलीकडचं हाये. सरावाच्या वेळी काढलेलं आसंल आन् यात घुसवलं आसंल. ते कुणाचं तरी पोरगं हाये."

"मी रायफल काहून बघू?"

"मी सांगून राहिलो ते बराबर हाये."

"बराबर आसंल," जिवनबाई म्हणाली. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "टीव्हीवाल्याचं खोटं तुमाला लगेच दिसतं, भाऊ. मंग खरं काय झालं ते तुमी मला काहून न्हाई सांगितलं?"

नेमसिंग उठला. दोघं जीपनं परत निघाली. तांड्याच्या फाट्यावर उतरल्यावर तो घराकडं न वळता शेताकडं चालू लागला आणि जिवनबाई त्याच्या मागं गेली.

सोयाबीन निघून गेलेलं रान मोकळं होतं. कडेला तूर उभी होती. नेमसिंगनं बांधावरचे दगड उचलले आणि रानात मांडायला सुरुवात केली. एक ओळ घातली. "हा कालवा." दुसरी घातली. "हा बांध. आमी याच्या अल्याड. ही तूर हाये ना, तिथं उंच गवत." मग तो तुरीजवळ जाऊन उभा राहिला. "आमी इथनं येऊन राहिलो होतो."

"हल्ला होता?"

"न्हाई. हल्ला आदल्या दिवशीच होऊन गेलता. सकाळची येळ, धुकं होतं. पुढच्या पोरांना चहा द्यायचा होता. हिरासिंगनं डबा घेतला, मी मागं. तो जरा जवळच्या वाटंनं निघाला आन् पाय सुरुंगावर पडला." त्यानं एक दगड जमिनीवर ठेवला. "इथं."

जिवनबाई त्या दगडापाशी जाऊन बसली. "तुमी?"

नेमसिंग मागं सरकला आणि थांबला. दोघांमध्ये दहा हातांचं अंतर असेल.

"एवढंच?"

"एवढंच. पण मला जाता येईना. सगळी जमीन पेरलेली होती सुरुंगांनी. ते काढणारी माणसं यायला टाइम लागला. तवर तो जिता होता. बोलत होता."

"माझं नाव घेतलं?"

नेमसिंग हो म्हणू शकला असता. तिलाही ते कळलं असावं, कारण ती त्याच्या तोंडाकडंच बघत होती.

"न्हाई," तो म्हणाला. "बूट मागत होता. दुसरा बूट कुठं गेला म्हणायचा. शोध म्हणायचा, हवालदार रागवील. पाय गेला हे त्याला कळलंच न्हाई. शेवटपर्यंत बूटच मागत राहिला."

जिवनबाई ढेकळं हातानं सारखी करत राहिली.

"बूट नवे होते का?"

"नवेच. थोड्याच दिवसांमागं मिळालेले."

"मंग बराबर," ती म्हणाली. "नव्या जोड्याला लई जपायचा तो. लग्नातला जोडा काखेत मारून अनवाणी आला होता माझ्या बापाच्या दारी." तिनं त्या दगडावर हात ठेवला. "हा खरा शिलाचा बाप."

दिवस कलेपर्यंत ती तिथं बसली. नेमसिंग आपल्या जागेवरून हलला नाही.

तिनं तो कार्यक्रम पुन्हा पाहिला नाही. शिलाला तिनं सगळं सांगितलं, बुटासकट. शिला आधी रडली, मग म्हणाली की टीव्हीतला बाप बरा होता. पुढं तीही बघायची थांबली. जिवनबाई आणखी चार वर्षं जगली, साध्या तापानं गेली.

नेमसिंगनं त्या रानात नांगर घातला, पण दगड मांडले होते तेवढा तुकडा सोडून. मुलानं विचारलं तर म्हणाला, तिथं खडक हाये. खडक नव्हता.

आणि टीव्ही तो बघतच राहिला. डिसेंबर आला की तो कार्यक्रम कुठल्या तरी चॅनलवर लागायचा. रणगाडे चुकीचे, दिवस चुकीचा, आवाज चुकीचे, तो ब्र काढायचा नाही. धुकं आलं की पुढं सरकायचा. रांग यायची, तो पोरगा खांद्यासकट मागं वळायचा, आणि चित्र बदलायचं.

एकदा सुनेनं विचारलं, "आता खोटं हाये म्हणत न्हाई तुमी?"

"खोटंच हाये," तो म्हणाला. "पण तो मागं वळून बघतो ना, त्याच्या मागं मी होतो. मी दिसायच्या आदीच ते चित्र कापतात."

सुनेला काही कळलं नाही. तिनं टीव्हीचा आवाज कमी केला आणि ती भाकरी टाकायला आत गेली.